चुलीपाशी : फाटी मे महिन्यात भरायची असतात

ठाण्याची थंडी ती काय, पहाटे पंखा पाचावरून दोनवर येतो आणि तलावपाळीला चालायला येणाऱ्या आजोबांच्या डोक्यावर कानटोपी चढते, झालं. तरी नोव्हेंबर संपला की या पानाकडे येणारी निम्मी पत्रं चुलीची, शेकोटीची नाहीतर बंबाची असतात. कारण आता ठाण्यातल्या बऱ्याच जणांची मुरबाड, शहापूर, कर्जतकडे एखादी खोली असते, आणि नवी मुंबईच्या गावठाणांत अजूनही कुणाकुणाच्या मागच्या दारी चूल आहेच. तक्रार सगळ्यांची एकच, पेटत नाही आणि धूर होतो. म्हणून या वेळी ती सगळी पत्रं एकत्रच घेतलीयेत, विषय एकच, फाटी, म्हणजे जळणाची लाकडं.

प्रश्न : ताई, आम्ही घोडबंदर रोडला राहतो, मुरबाडजवळ छोटं घर बांधलंय. दर डिसेंबरला मित्रमंडळी जमतात, वखारीतून अर्धा टेम्पो लाकडं आणतो पण शेकोटी काही धड पेटत नाही. मागच्या वर्षी वैतागून पेट्रोल ओतलं, भपकन ज्वाळा झाली, भावाच्या हातावरचे केस जळाले आणि पाच मिनिटांत परत धूरच धूर. लाकूड खराब देतात की आमचं काही चुकतंय?

उत्तर : पहिलं म्हणजे ते पेट्रोल गाडीच्या टाकीतच राहू दे. ओतल्यावर जळतं ते पेट्रोल, लाकूड नाही, आणि ओतल्यापासून काडी ओढेपर्यंतच्या वेळात त्याची वाफ जमिनीलगत पसरलेली असते, ती एकदम पेट घेते म्हणून तो भपका. हातावरच्या केसांवर निभावलं, भुवया शाबूत राहिल्या, हे नशीब समजा.

आता लाकूड. खराब नसणार, ओलं असणार. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास नुसतं पाणी असू शकतं. म्हणजे एक किलोचा ओंडका आगीत टाकलात तर आगीने आधी जवळजवळ अर्धा लिटर पाणी उकळून त्याची वाफ करायची आणि मग उरलेल्या ताकदीवर लाकूड पेटवायचं. घरी एकदा पातेल्यात अर्धा लिटर पाणी ठेवून ते पूर्ण आटेपर्यंत गॅस चालू ठेवून बघा, किती वेळ लागतो ते. नीट जळायचं तर लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या खाली हवी, आणि वखारवाला जे 'सुकं आहे साहेब' म्हणतो ते बऱ्याचदा फक्त सालीपुरतं सुकं असतं.

मी स्वतः हे शिकले ते चारचौघांत हसं करून घेऊन. आमचं सरळगावजवळचं घर झालं त्या पहिल्या थंडीत नणंदेच्या सासरची मंडळी यायची होती, चुलीवरचं पिठलं-भाकरी असा मोठा बेत मीच जाहीर केलेला, लाकडं आदल्या दिवशी एका वखारीतून उचललेली. तासभर फुंकणी फुंकली. लाकडाच्या टोकातून सूंऽऽ आवाज करत चक्क फेस यायला लागला, साबणाच्या पाण्यासारखा, बुडबुडे. विहीणबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, आमचं काही नाही हो, तुम्ही त्रास नका करून घेऊ. शेवटी शेजारून सिलिंडर आणला. तो फेस दिसला की समजायचं, लाकडातलं पाणी बाहेर पडतंय, आपण आग पेटवत नाही आहोत, लाकूड वाळवत बसलोय.

सुकं कसं ओळखायचं तर दोन तुकडे एकमेकांवर आपटा, सुकं असेल तर टणटण वाजतं, ओलं असेल तर थप्प. टोकाला बारीक चिरा गेलेल्या असतात, साल नखाने सुटते. पण सगळ्यात खात्रीची पद्धत म्हणजे किचनमधला वजनकाटा. एक तुकडा वेगळा काढा, त्याच्यावर खडूने आकडा लिहा, उन्हात ठेवा, दर आठवड्याला वजन करा, वजन उतरायचं थांबलं की तो त्या हवेत जेवढा सुकायचा तेवढा सुकला. ओल मोजायचे मीटरही ऑनलाइन मिळतात, फक्त त्याच्या टाचण्या वरच्या वाळक्या बाजूला टोचू नका, तुकडा फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचा, नाहीतर वखारवाल्यासारखंच उत्तर येतं.

आणि आता खरी गोम. तुमच्या पत्रात अर्धा टेम्पो लाकडं आहेत, पेट्रोल आहे, पण बारीक जळणाचा एक शब्द नाही. आमची आजी घणसोलीची, ती त्याला पेटवण म्हणायची, आणि फाट्यांपेक्षा तिचा जीव त्या पेटवणात जास्त. ओंडका काडीने पेटत नाही कारण काडीची उष्णता त्याच्या पोटात जाऊन विरते. चार इंच बाय चार इंचाचा ओंडका उभा फोडून एक-एक इंचाच्या सोळा पट्ट्या केल्यात तर लाकूड तेवढंच राहतं पण बाजूंनी आगीला आणि हवेला भिडणारा भाग चौपट होतो, आणि प्रत्येक पट्टी पातळ म्हणून लगेच तापते. म्हणून जाडीच्या पायऱ्या लागतात. आजीचं माप हाताचं होतं, आधी काडेपेटीच्या काडीएवढं, मग करंगळीएवढं, मग अंगठ्याएवढं, आणि ते धडाडलं की मनगटाएवढं. करंगळीएवढ्या काटक्या दोन मुठी आणि अंगठ्याएवढ्या दहा-बारा, एका शेकोटीला एवढं हवंच हवं. यातली एक पायरी गाळली की आग तिथेच बसते. तुम्ही थेट शेवटच्या पायरीवरून सुरुवात करत होतात.

फोडायला कुऱ्हाडीपेक्षा कोयता बरा. रुंद ओंडक्यावर तुकडा उभा ठेवा, टोकाला जिथे चीर गेलीय तिथे कोयत्याचं पातं टेकवा आणि वरून लाकडी धोपाटण्याने ठोका, पातं बसलं की तुकडा कोयत्यासकट उचलून आपटा, दोन भाग. तुकडा बोटांनी धरायचा नाही, आडव्या काठीने टेकू द्यायचा. गाठ असलेला तुकडा बाजूला ठेवा, त्याच्याशी झटापट करू नका, तो नंतर ओंडका म्हणून सावकाश जळतो आणि फार छान जळतो.

रचताना मध्ये हवा हवी. दोन जाड तुकडे समांतर, त्यावर आडवे बारीक, काडी लावायची ती वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूने. उघड्यावरच्या शेकोटीत उलटी रचनाही करून बघा, जाड खाली, त्यावर मध्यम, काटक्या सगळ्यात वर आणि पेटवायचं वरून. पहिल्यांदा हे वेडेपणाचं वाटतं पण खालून निघणारा धूर वरच्या ज्वाळेतून जाताना जळतो, त्यामुळे धूर बराच कमी होतो.

राहिला प्रश्न कधी करायचं याचा, आणि सगळे चुकतात ते इथेच. पत्रं मला डिसेंबरमध्ये येतात, काम असतं मे महिन्यातलं. आमच्याकडे आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या आधी, सुकी मच्छी, मीठ, मसाला, तांदूळ भरायचे तशीच फाटीही भरायचे, कारण ठाण्यात पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि जुलैच्या त्या दमट हवेत आडोशाला ठेवलेलं सुकं लाकूडसुद्धा हवेतली ओल ओढून घेतं, पाणी अंगावर पडायलाच हवं असं नाही. म्हणून मेच्या उन्हात फोडून वाळवायचं, पाऊस सुरू व्हायच्या आत आत घ्यायचं, आणि ऑक्टोबर हीटला आपण ज्या शिव्या घालतो त्याच उन्हात पंधरा दिवस परत बाहेर काढायचं. ऑक्टोबरच्या उन्हाइतका उपयोगी माणूस नाही.

यंदा तुमचा मे गेला, तर घाबरू नका. जे जाड ते महिनोन्‌महिने घेतं पण बारीक लाकूड जसं पटकन ओल ओढतं तसं पटकन सोडतंही. आत्ताच ओंडक्यांमधले सरळ रेषांचे, बिनगाठीचे चार-सहा निवडा, करंगळीएवढे फोडा, साल काढा, पत्र्यावर किंवा गच्चीत एक थर पसरा, रोज उलथा, संध्याकाळी दव पडायच्या आत झाका. आठ दिवस कडक ऊन मिळालं तरी फरक दिसेल. जाड लाकडं मात्र या वेळी जुनी, कमीत कमी एक उन्हाळा बघितलेली मागा, चार पैसे जास्त गेले तरी.

प्रश्न : मी महापे एमआयडीसीत कामाला आहे. आमच्याकडे तुटके लाकडी पॅलेट फुकट मिळतात, प्लायचे तुकडेही पडलेले असतात. गावाकडच्या चुलीला हे फोडून नेलं तर चालेल का?

उत्तर : प्लाय नाही, एमडीएफ नाही, सनमायका चिकटवलेलं नाही, रंग-पॉलिश केलेलं नाही. त्यातला गोंद आणि रंग जळून जो धूर निघतो तो तुमच्या भाकरीला आणि फुप्फुसांना दोन्हीला लागतो, जुन्या रंगात तर शिसंही असू शकतं.

पॅलेटचं तसं नाही, तिथे शिक्का वाचायचा. परदेशी माल ये-जा करणाऱ्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह डागलेलं असतं आणि शेजारी देशाची अक्षरं, नंबर वगैरे. त्यात इंग्रजी एचटी ही अक्षरं असली तर ते लाकूड नुसतं तापवलेलं आहे, गाभ्यापर्यंत छप्पन्न अंशाला निदान अर्धा तास, किडे मरावेत म्हणून. हे चालतं. एमबी असलं तर ते मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, ते उचलूच नका, शेजाऱ्यालाही देऊ नका. शिक्काच नसेल तर त्यावर काय सांडलंय ते बघा, तेलाचे, केमिकलचे डाग असतील किंवा वास येत असेल तर सोडून द्या. एमआयडीसीतला पॅलेट आहे, त्यावर आयुष्यभर काय वाहिलं गेलं ते त्यालाच ठाऊक.

आणि खिळे. जळून राखेत राहतात, मग ती राख आपण अळवाच्या वाफ्यात टाकतो आणि पावसाळ्यात अनवाणी पायात घुसतात. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक राखेतून फिरवा, काम होतं.

मला विचाराल तर पॅलेटपेक्षा आंब्याची पेटी बरी. वाशीच्या एपीएमसीत एप्रिल-मेमध्ये हापूसच्या लाकडी पेट्या येतात, आता पुठ्ठ्याचे खोके वाढलेत तरी लाकडी दिसतात अजून. हलकं मऊ लाकूड, आधीच पातळ पट्ट्या, आणि आत आंब्याखाली घातलेला पेंढा. म्हणजे काडीएवढं आणि करंगळीएवढं दोन्ही पायऱ्या एकाच पेटीत. आम्ही आंबे संपले की पेटी त्याच दिवशी उचकटून, पट्ट्या बांधून पोटमाळ्यावर टाकतो. मुलगा म्हणतो आई तू आंब्यांसाठी पेटी घेतेस की पेटीसाठी आंबे.

प्रश्न : खारीगावात आमचं बैठं घर आहे. अंघोळीच्या पाण्याला अजून तांब्याचा बंब लावतो, त्यासाठी मागच्या पडवीत भिंतीला लागून फाटी रचतो. यंदा दाराच्या चौकटीला वाळवी लागली. सासूबाई म्हणतात फाट्यांमुळे, मिस्टर म्हणतात सगळं घरात पोटमाळ्यावर टाकू. काय करावं?

उत्तर : सासूबाईंचं बरोबर आहे. वाळवी मातीतून येते, फाटी जमिनीला टेकलेली असली की ती तिच्यासाठी जिना, आणि फाटी भिंतीला टेकलेली असली की पुढचा मजला तुमची चौकट. रास जमिनीपासून निदान वीतभर वर हवी, खाली विटा किंवा लादीचे तुकडे, त्यावर दोन आडवे बांबू नाहीतर लोखंडी पाइप, मग फाटी. भिंत आणि रास यांच्यात हात जाईल एवढी फट. वरून ताडपत्री फक्त डोक्यावर टोपीसारखी, चारी बाजूंनी गुंडाळलीत तर आतल्या आत घाम सुटतो आणि बुरशी येते. हे फार जण करतात, नवीन ताडपत्री आणली की लहान बाळासारखं लपेटून टाकतात. आठवड्यातून एकदा विटांवरून मातीच्या बारीक नळ्या वर चढल्यायत का बघा, दिसल्या की खरवडून काढा. चौकटीला आधीच लागलीय त्याला मात्र पेस्ट कंट्रोलवाल्यालाच बोलवा. फाट्यांवर कसलंही औषध मारू नका, तेच उद्या जळणार आहे.

मिस्टरांना सांगा, सगळं घरात नाही, फक्त आठवड्यापुरतं. बारीक जळण एका पाटीत किंवा कांद्याच्या जाळीच्या पोत्यात, प्लास्टिकच्या पिशवीत नाही. आणि त्यात बांबू तर आत नेऊच नका, त्याला भुंगा लागतो, खाली पिवळसर पिठासारखी पूड पडायला लागली की समजायचं, आणि तो मग फर्निचरकडे वळू शकतो. बांबू जाळायचाच तर आधी उभा चिरून घ्या, दोन पेरांमधली हवा कोंडून तापली की बंदुकीसारखा फुटतो. बंबाला तसंही मोठं लाकूड लागतच नाही, त्याच्या मधल्या नळीत अंगठ्याएवढ्या काटक्या आणि करवंट्या घालायच्या. खोबरं खवून झालं की करवंटी गच्चीत उन्हात टाकायची सवय लावून घ्या, कडकडीत वाळली की कोळशासारखी तापते. नारळाच्या सोडणाचा काथ्या पिंजून ठेवलात तर पहिली ठिणगी तोच धरतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत ती मीच सांगते. फाट्यांच्या राशीत उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. चार वर्षांपूर्वी सरळगावला मी संध्याकाळी दिवेलागणीला राशीतून खालची फाटी ओढली आणि कुकरच्या शिट्टीसारखा आवाज आला, आधी वाटलं घरातच कुकर लावलाय कुणी. मग दिसली, घोणस, वेटोळं घालून, माझ्या हातापासून दोन वितींवर. मी जी मागे सरकले ती थेट नळाच्या चौथऱ्यावर आपटले. तेव्हापासून नियम असा, अंधारात राशीला हात नाही, फाटी वरूनच घ्यायची, आधी काठीने दोनदा ठोकायचं, पायात बूट आणि हातात जाड मोजे. साप दिसला तर मारू नका, वनविभागाचा हेल्पलाइन नंबर १९२६ आहे. चावलाच तर चिरा देणं, आवळून बांधणं, मांत्रिक, यातलं काही नाही, हात-पाय न हलवता १०८ ला फोन आणि सरळ सरकारी मोठं हॉस्पिटल, जिथे सापाच्या विषावरची लस असते.

प्रश्न : वर्तकनगरला राहतो, रविवारी येऊरला फिरायला जातो. खाली पडलेल्या सुक्या काटक्यांची एक मोळी आणली तर काय बिघडलं? तिथे कुजूनच जाणार ना.

उत्तर : बिघडतं. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिथून पडलेली काटकीसुद्धा उचलता येत नाही. आणि कुजणं हेच तिचं तिथलं काम आहे. खाडीकाठच्या वाळक्या तिवराचंही, म्हणजे खारफुटीचंही, तसंच, हात लावायचा नाही, पूर्वी खाडीकाठच्या गावांत तिवर सर्रास जाळायचे ते दिवस गेले. स्वतःच्या सोसायटीतलं झाड तोडायलाही १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली महापालिकेची परवानगी लागते. पण पावसाळ्याआधी पालिकेची माणसं फांद्या छाटायला येतात तेव्हा नीट विचारलंत तर गुलमोहोराच्या फांद्यांच्या, नारळाच्या झावळ्यांच्या मोळ्या आनंदाने देऊन जातात, त्यांचा टेम्पो हलका होतो. फक्त त्यात कण्हेर आणि पिवळी बिट्टी येऊ देऊ नका, दोन्ही विषारी, धूरसुद्धा बाधतो. कोकणातून कुणी काजूची टरफलं आणून दिली तर तीही नकोत, त्यातल्या तेलाचा धूर अंगावर, डोळ्यांत फार झोंबतो.

प्रश्न : बाजारातले फायर स्टार्टर महाग पडतात. घरी काही करता येईल का? — नौपाड्यातून

उत्तर : दिवाळीच्या पणत्यांमधल्या अर्धवट जळलेल्या तेलकट वाती टाकता का? टाकू नका, डब्यात भरा, यापेक्षा चांगलं काही नाही. दुसरं म्हणजे संत्र्याची सालं, हिवाळ्यात घरोघरी असतातच, उन्हात कुरकुरीत होईपर्यंत वाळवायची, सालीतल्या तेलामुळे छान पेट घेतात आणि वास येतो तो बोनस. अंड्यांचा कागदी ट्रे असेल तर त्याच्या खड्ड्यांत सुताराकडचा भुसा दाबून भरा, वरून उरलेल्या मेणबत्त्यांचं मेण वितळवून ओता, मेण थेट आचेवर नाही, गरम पाण्यात डबा ठेवून. थंड झालं की एकेक खण कापून ठेवा. एक खण आठ-दहा मिनिटं तरी जळतो. कापूर पण चालतो, पण देवाचा संपवलात की घरात कोण बोलणी खातं ते माहितीय.

प्रश्न : खारघरला फ्लॅटमध्ये राहतो. सून बाळंत झालीय, तिची आई गावाहून आली आहे आणि बाळ-बाळंतिणीला शेक-धुरी द्यायची म्हणते. बेडरूममध्ये शेगडीत कोळसे पेटवून दार-खिडकी लावून शेकायचं म्हणते, वारा लागू नये म्हणून. मला भीती वाटते पण विहिणीला सांगू कशी?

उत्तर : माझं नाव सांगा, पण थांबवा. गावाकडच्या घरात कौलांच्या फटीतून, पत्र्याखालून हवा येत-जात असायची म्हणून तेव्हा निभावलं. फ्लॅटच्या स्लायडिंग खिडक्या बंद केल्या की खोली डब्यासारखी होते. लाल निखाऱ्याला धूर नसतो म्हणून ते सुरक्षित वाटतात, पण त्यातूनच कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि बाळंतीण म्हणते थकवा असेल. बाळ तर सांगूही शकत नाही. हीच गोष्ट तंबूत निखारे घेऊन झोपणाऱ्या ट्रेकवाल्या पोरांची. निखारे बंद जागेत नाहीत म्हणजे नाहीत.

विहीणबाईंचा मान ठेवायचा तर हरकत ओव्याला नाही, कोळशाला आहे असं म्हणा. तव्यावर ओवा गरम करून, सुती फडक्यात पुरचुंडी बांधून, आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघून मग बाळंतिणीची कंबर शेकायची, तेवढीच ऊब मिळते. गरम पाण्याची पिशवी आहे. बाळाला कुठलीच धुरी नको, त्यांच्या डॉक्टरांना विहीणबाईंसमोरच विचारा, म्हणजे वाईटपणा डॉक्टरांकडे.

प्रश्न : कोपरखैरण्याला सोसायटीत राहतो, ग्रुपमध्ये बरेच जण पनवेल-अलिबागकडचे आहेत. जानेवारीत सोसायटीच्या ग्राउंडवर पोपटी, म्हणजे मडक्यात शेंगा-चिकन भाजायचा बेत, लावायची ठरतेय. सरपण कोणतं आणि किती आणू?

उत्तर : सोसायटीच्या ग्राउंडवर नको, आधी हेच. थंडीत हवा खाली बसलेली असते, चारी बाजूंना इमारती, धूर वर जात नाही तो तिसऱ्या मजल्यावरच्या दमेकरी आजींच्या खिडकीत जातो. शिवाय कुणीतरी शेवटी थर्माकोलच्या प्लेटा आगीत टाकतोच, आणि उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच पाच हजारांचा दंड ठरवलाय. कुणाची तरी पनवेलच्या पुढे वाडी असेलच, तिथे जा, वालाच्या शेंगाही तिथेच ताज्या मिळतील आणि भांबुर्ड्याचा पालाही बांधावर सापडेल.

पोपटीची गंमत अशी की तिला ओंडका लागतच नाही, ती सगळी बारीक जळणाची करामत आहे. मडक्यात तळाला आणि कडेने भांबुर्डा दाबून, मध्ये वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे, वांगी, अंडी, मसाला लावलेलं चिकन केळीच्या पानात गुंडाळून, तोंडाशी परत भांबुर्डा गच्च, आणि मडकं उलटं. आत ना पाणी ना तेल, पाल्याच्या आणि शेंगांच्या ओलीवर सगळं शिजतं. म्हणून आच चहूबाजूंनी सारखी आणि भडभडून हवी, ओंडक्याची मंद एकाच बाजूची नाही. सुक्या झावळ्या, पेंढा, काटक्या, वाळका पाला, मडक्याभोवती गोल रचायचं आणि कमी होईल तिथे घालत राहायचं, अर्धा ते पाऊण तास. एका मडक्याला मडक्याच्या चौपट ढीग हाताशी ठेवा, पेंढा दिसतो भरपूर आणि जातो भुर्रकन. आदल्या रात्री ते उघड्यावर ठेवू नका, दव पडतं, मग सगळा कार्यक्रम माझ्या पिठलं-भाकरीसारखा होतो. मडक्याला टेकू द्यायला नदीतले ओले दगड घेऊ नका, तापले की तडकून उडतात. झालं का बघायला तापलेल्या मडक्यावर चार थेंब पाणी शिंपडायचं, चर्रकन उडून गेलं पाहिजे.

नंतर सगळे खाण्यात गुंग होतात आणि पेंढ्याची राख वरून काळी, आतून लाल असते. पाणी ओता, काठीने ढवळा, परत ओता, हाताची मागची बाजू वर धरून ऊब लागत नाही ना बघा, मगच गाड्या काढा. आणि वालाच्या शेंगा थोड्या जास्त घ्या, त्याच आधी संपतात.